गावरक्षक दलाला लोकांचा पाठिंबा आहे, असं आपण कशावरून म्हणतो?

काठीकंदील

संघर्षग्रस्त भागातल्या गावरक्षक दलांचा विषय निघाला की तिसऱ्या वाक्याला ‘सलवा जुडूम’ (छत्तीसगडमध्ये माओवाद्यांविरुद्ध सरकारच्या पाठबळाने उभं राहिलेलं दल) येतं आणि पुढे कुणी काही ऐकून घेत नाही. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करतो.

पोलीस ठाणं तीस-चाळीस किलोमीटरवर आणि हल्ला अर्ध्या तासात उरकणारा, अशा ठिकाणी लोक आपल्याच पोरांच्या पहाऱ्यावर विसंबतात. हा विश्वास भाबडा नसतो, हिशेबी असतो. २०१३ मध्ये नायजेरियातल्या मैदुगुरीत तरुण काठ्या-कोयते घेऊन रस्त्यावर उतरले. सैन्याकडे बंदुका होत्या, पण गर्दीतला बोको हरामचा माणूस कोणता हे ओळखणारा डोळा नव्हता. तो या पोरांकडे होता, कारण ती त्याच गल्ल्यांत वाढली होती. पेरूत डिसेंबर १९७६ मध्ये चोता प्रांतातल्या कुयुमाल्का गावाने गुरंचोरांविरुद्ध रात्रीची गस्त सुरू केली. तेच ‘रोंदा’ (गस्तीची दलं) पुढे आयाकुचो भागात शायनिंग पाथ या माओवादी बंडखोरांना पुरून उरले. जम्मूच्या डोंगरी भागात १९९५ पासून ग्राम संरक्षण समित्या आहेत.

या सगळ्यांना लोकांचा पाठिंबा होता. मग सरकारने त्यांना मान्यता, प्रशिक्षण आणि मानधन का देऊ नये? उगाच नाकं मुरडण्यात काय हशील?

नमुना_निवड

पाठिंबा ‘होता’ हे कुणी, कुणाला, कुठे उभं राहून विचारलं, त्यावर सगळं आहे.

घरोघरी पाहणीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. मुलाखत घेणारा अंगणात बाजेवर बसलाय, हातात टॅब. पाच मिनिटांत दलाचा एक जण येऊन दाराच्या चौकटीला टेकतो. काही बोलत नाही, फक्त उभा राहतो. प्रश्न येतो, ‘दलाच्या कामाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?’ चौकटीकडे एक नजर, आणि उत्तर ‘पूर्ण समाधानी’. अहवालात ते पाठिंबा म्हणून छापलं जातं.

यावर एक जुना तोडगा आहे, यादीची पद्धत. निम्म्या लोकांना तीन नावांची यादी वाचून दाखवायची आणि विचारायचं, ‘यांपैकी किती जणांचं काम तुम्हाला पटतं? कोणाचं ते सांगू नका, फक्त आकडा.’ उरलेल्या निम्म्यांना तीच यादी, चौथं नाव दलाचं. पहिल्या गटाची सरासरी १.५ आणि दुसऱ्याची १.९ आली, तर दलाचा पाठिंबा ४० टक्के. कुठल्याही एका माणसाने काय म्हटलं हे मुलाखत घेणाऱ्यालाही कळत नाही.

मात्र ही पद्धत महाग पडते. हजार लोकांना सरळ विचारलं तर चूक अधिक-उणे ३ टक्क्यांच्या आसपास राहते. तेच हजार लोक यादीच्या पद्धतीत ५००-५०० वाटले आणि उत्तरांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवती ती किती विखुरतात ते) ०.९ धरलं, तर चूक अधिक-उणे ११ टक्क्यांवर जाते. ४० टक्के म्हणजे मग २९ ते ५१ मधलं काहीही. एकाच गावातले लोक सारखी उत्तरं देतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून वाईट. शिवाय ‘शून्य’ आणि ‘चारही’ ही दोन उत्तरं माणसाला उघडं पाडतात. चाणाक्ष माणूस ती टाळतो आणि आकडा मधेच गोळा होतो. मी ही पद्धत विकत नाहीये. सरळ प्रश्नावर आलेला ८०-९० टक्के पाठिंबा कुणी नाचवू नये, एवढंच.

काठीकंदील

चौकटीला टेकलेला माणूस मान्य. पण तोच तर्क उलटाही लागतो ना? संध्याकाळी जंगलातून माणसं येतात, त्यांच्या भीतीने लोक दलाविरुद्ध बोलत असतील. भीती एकाच बाजूची कशी धरता?

नमुना_निवड

धरत नाही. २०११ मध्ये अफगाणिस्तानात पाच प्रांतांतल्या २०४ गावांमध्ये २,७५४ पुरुषांची पाहणी झाली होती, तीही आडवळणाच्या प्रश्नांनी. तिथे दिसलेली गोष्ट तुम्हालाच उपयोगी पडेल. परक्या सैन्याने इजा केली की त्या सैन्याचा पाठिंबा घटे आणि तालिबानचा वाढे. तालिबानने इजा केली तर मात्र सैन्याचा पाठिंबा त्या प्रमाणात वाढत नसे. म्हणजे आपल्यातल्या माणसाला चूक माफ, परक्याला नाही. तुमच्या गावरक्षकांनाही हीच सवलत मिळते, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दलचं मत त्यांच्या वागणुकीचं मोजमाप म्हणून कच्चं ठरतं. (आणि पाहणीत पुरुषच होते, हे विसरू नका. रात्री पाणवठ्याच्या वाटेवर दल कसं वागतं हे त्यांना कोण सांगणार?)

आणखी एक भोक. नमुना गावात राहिलेल्या घरांतून काढतात. दलाशी ज्यांचं पटलं नाही ते गाव सोडून गेलेले असतात. निघून गेलेल्यांना वगळून मोजलेलं समाधान जास्तच भरणार.

कलम_सतरा

धागाकर्त्याच्या इतिहासात एक गफलत आहे, आणि वादाचा निम्मा भाग तिच्यातच आहे.

चोताचा रोंदा आणि आयाकुचोचा रोंदा एक नव्हे. चोतात लोकांनी सभा घेऊन गस्त उभी केली, चोर पकडला तर सभेपुढे उभा केला. आयाकुचोत बऱ्याच गावांना सैन्याने गस्त घालायला लावली. काही गावं आपणहून उठली, हेही खरं. कायद्याने शस्त्रं बाळगायची मुभा १९९१ मध्ये मिळाली. मधल्या काळाची किंमत आयाकुचोतल्या लुकानामार्का गावाने मोजली. गावकऱ्यांनी शायनिंग पाथचा एक म्होरक्या मारला, आणि ३ एप्रिल १९८३ ला त्याचा सूड म्हणून ६९ माणसं कापली गेली, त्यांत लहान मुलंही. दल उभं राहिलं की गाव तटस्थ राहत नाही, आणि हत्यारं पोचायला वर्षं लागतात. मान्यतेच्या बाजूचे लोक ही मधली वर्षं हिशेबात धरत नाहीत.

ग्वाटेमालात तर गस्त सक्तीची होती. १९८० च्या दशकात खेड्यांतल्या पुरुषांना पाळीने चोवीस-चोवीस तास उभं राहावं लागे. नाही म्हणणारा गनिमांचा हस्तक ठरे. बाहेरून पाहणाऱ्याला अख्खं गाव स्वखुशीने पहारा देतंय असं वाटलं असतं. १९९९ च्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालात नोंदलेल्या अत्याचारांपैकी १८ टक्क्यांत या गस्तीवाल्यांचा हात होता.

आणि हो, सलवा जुडूम. ५ जुलै २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाठिंब्याची चर्चा करत न बसता भरती कशी होते ते पाहिलं. विशेष पोलीस अधिकारी म्हणून घेतलेली आदिवासी पोरं, पाचवी पास असेल त्याला प्राधान्य, दोन महिन्यांचं प्रशिक्षण, महिना ३,००० रुपये, हातात बंदूक. राज्याचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं: ही स्थानिक आहेत, वाटा आणि माणसं ओळखतात. न्यायालयाचं उत्तर असं की याच कारणासाठी त्यांना पुढे घालून तुम्ही त्यांचा जीव स्वस्त करताय. समतेचा आणि जगण्याचा हक्क, दोन्ही मोडतात. लोकांना हवं होतं की नव्हतं, याने त्यात फरक पडत नाही.

आगटी

कलम_सतरा यांची यादी बिनचूक, पण सगळी उदाहरणं सरकारने वरून उभ्या केलेल्या किंवा ताब्यात घेतलेल्या दलांची आहेत.

मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातलं चेरान बघा. १५ एप्रिल २०११ च्या पहाटे बायकांनी लाकूडचोरांचे ट्रक अडवले. त्यानंतर गावाने वाटांवर अडसर घातले आणि चौकाचौकांत रात्रभर आगट्या पेटल्या. याच आगट्यांभोवती बसून गल्लीगल्लीने माणसं निवडली: गस्तीवर कोण, जंगल राखायला कोण, गावाच्या बारा जणांच्या मंडळात कोण. राजकीय पक्षांना गावाबाहेर ठेवलं. गस्तीवाल्याचं नाव ज्या आगटीने सुचवलं तीच त्याचा कान धरणार. त्याच राज्यात २०१३ च्या फेब्रुवारीत तेपालकातेपेक आणि ला रुआनात सशस्त्र स्वसंरक्षण गट उठले. त्यांना २०१४ च्या मे महिन्यात ‘ग्रामीण दल’ म्हणून सरकारी गणवेश मिळाला आणि नंतर त्यांच्यात फाटाफूट, आत शिरलेले गुंड, आपसातल्या गोळ्या, सगळं झालं.

तेव्हा काठीकंदील, मला तुमचं निदान पटतं, औषध पटत नाही. मान्यता आणि मानधन आलं की दलाचं तोंड गावाकडून तालुक्याकडे वळतं.

नाका_क्र_४

मानधनाला सरसकट नाही म्हणणाऱ्यांनी एकदा कागद-पेन घेऊन पाळ्या लावून बघाव्यात.

गावाच्या चार वाटा. प्रत्येक नाक्यावर दोघे, कारण एकटा झोपतो. रात्रीच्या दोन पाळ्या. झाले सोळा. दलात ३० माणसं असली तर प्रत्येकाला जवळजवळ एक रात्र आड जागरण. पहिले दोन महिने उत्साहात निघतात. मग सुगी येते. दिवसा कापणी करून रात्री कोण उभं राहणार? आधी दुसरी पाळी बुडते, मग दूरचा नाका सुटतो, आणि शेवटी ज्यांना शेत नाही, काम नाही, अशी आठ-दहा पोरं उरतात. दलाची प्रकृती बदलते ती इथे. उरलेल्या पोरांना रात्रीचा चहा आणि मोटरसायकलचं पेट्रोल लागतं. नाक्यावर आडवा बांबू असतोच. प्रथम भाजीच्या टेम्पोकडून ‘खुशीने’, मग ठरलेला दर, मग पावती. पावतीपुस्तक छापलं की समजा दल आता धंदा झालं.

पगार नसेल तर नाका पगार काढतो. म्हणून मानधन हवंच, पण तीन अटींवर. एक, पैसे माणसाच्या खात्यात थेट, म्होरक्याच्या हातात नाही. म्होरक्या वाटू लागला की मस्टरवर मेलेली माणसंही हजर राहतात. दोन, पाळीचा तक्ता गावात भिंतीवर लावायचा. तीन, पकडलेल्या माणसाला दलाने ठेवून घ्यायचं नाही. वेळ लिहायची, दोन साक्षीदार, आणि लगेच पोलिसांच्या ताब्यात. पोलीस यायला दोन दिवस लावत असतील तर गावातली एक बंद खोली कोठडी होते, आणि दलाबद्दलचं मत त्या खोलीवरून फिरतं.

हत्यारांचं याहून साधं आहे. बंदुकीचा क्रमांक, कुणाला दिली, किती वाजता, किती काडतुसं. परत करताना तेवढीच काडतुसं किंवा तेवढ्याच पुंगळ्या. एक पुंगळी कमी भरली तरी त्याच रात्री लेखी. बहुतेक ठिकाणी बंदुकांची नोंद होते, काडतुसांची होत नाही. आणि गोळीबार तर काडतुसांनीच होतो.

काठीकंदील

आगटी आणि नाका_क्र_४ यांचं एकमेकांशीच जुळत नाही, हे नोंदवतो. 🙂

जम्मूचं उदाहरण कुणी घेतलंच नाही. तिथे जुन्या योजनेत बहुतेकांच्या हाती ‘थ्री नॉट थ्री’ रायफल होती आणि पैसे जवळपास नाहीत. २०२२ मध्ये नवी योजना आली: गटप्रमुखाला महिना ४,५००, बाकीच्यांना ४,००० रुपये, देखरेख जिल्हा पोलीस प्रमुखाची. जानेवारी २०२३ मध्ये राजौरीतल्या ढांगरीवर हल्ला झाला, तेव्हा लोकांचा राग ‘दल का आहे’ यावर नव्हता, ‘हत्यारं परत का घेतली’ यावर होता. याला पाठिंबा नाही तर काय म्हणणार?

नमुना_निवड

हल्ल्यानंतरच्या आठवड्यात कुठल्याही गावात विचारा, हत्यारं हवीच असतात. तेच हल्ला न झालेल्या सलग दोन वर्षांनंतर विचारा. आणि विचारायचंच तर मत नको, वागणूक विचारा: ‘मागच्या सहा महिन्यांत दलाविरुद्ध कुणी तक्रार केली का? कुणाकडे? तक्रार करणारा आजही गावात राहतो का?’ तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर तुमचा पाठिंबा मी मानेन. शिवाय शेजारच्या वस्तीत, दुसऱ्या धर्माच्या किंवा जातीच्या घरांत, हेच प्रश्न वेगळे विचारायला लागतील. दल एका वस्तीचं असलं की त्याच बंदुकीला दोन वस्त्यांत दोन नावं असतात.

कलम_सतरा

आणि बंद कसं करायचं, ते कुणीच बोललं नाही. इराकमध्ये २००६ पासून अल-कायदाशी लढणारे सुन्नी टोळ्यांचे ‘सहवा’ गट अमेरिकेच्या पैशावर उभे राहिले, माणशी महिना साधारण ३०० डॉलर. २००८ च्या ऑक्टोबरपासून ते बगदाद सरकारकडे सोपवायला सुरुवात झाली. शब्द असा होता की २० टक्क्यांना सैन्य-पोलिसांत घेऊ आणि बाकीच्यांना मुलकी काम देऊ. पगार रखडले, भरती अडली. त्या माणसांची नावं-पत्ते आता सरकारकडे होते आणि अल-कायदाला तर आधीच माहीत होते.

सिएरा लिओनच्या यादवी युद्धात कामाजोर, म्हणजे बंडखोरांशी लढणारी पारंपरिक शिकाऱ्यांची दलं, हे दक्षिणेतल्या लोकांचे वीर होते. २००७ मध्ये विशेष न्यायालयाने फोफाना आणि कोंडेवा या त्यांच्या दोन म्होरक्यांना युद्धगुन्ह्यांसाठी दोषी धरलं, पण त्यांनी लोकशाही परत आणायला लढा दिला म्हणून शिक्षा फक्त ६ आणि ८ वर्षांची. २००८ मध्ये अपिलात ती १५ आणि २० वर्षं झाली, कारण लढण्याचं कारण न्याय्य होतं ही सबब शिक्षा कमी करायला चालणार नाही.

काठीकंदील

फोफाना-कोंडेवाचा मुद्दा मला अडचणीचा आहे, कबूल. मानधनावर मी ठाम आहे, काडतुसांच्या वहीसकट. फक्त ती वही कुणाकडे ठेवायची? म्होरक्याकडे ठेवली तर नाका_क्र_४ हसतील, ठाण्यात ठेवली तर आगटी रुसतील.

आगटी

दोन वह्या ठेवा. एक ठाण्यात, एक दलात घरातलं कुणीच नाही अशा बाईकडे. महिन्याच्या पहिल्या सभेत दोन्ही उघडून आकडे मोठ्याने वाचायचे.

नाका_क्र_४

चालेल. पण तिसरी नको. तिसरी आली की ती पावतीपुस्तकच असते.