सीमेवर असलेल्या नवऱ्याला सासऱ्यांचं आजारपण कळवावं का?

लालबागची सून

नवरा पायदळात लेफ्टनंट कर्नल आहे. युनिट आणि ठिकाण कृपया विचारू नका. एप्रिलमध्ये सुट्टीवर घरी होता, पहलगामच्या हल्ल्यानंतर सुट्टी रद्द झाली आणि तो निघाला. 10 मेला संध्याकाळी गोळीबार थांबल्याची बातमी आली, पण त्याची कंपनी अजून पुढेच आहे.

तो गेल्यावर सासऱ्यांचा बायोप्सीचा रिपोर्ट आला. अन्ननलिकेचा कॅन्सर. टाटा हॉस्पिटलमध्ये फाईल उघडली आहे, आधी केमो आणि मग ऑपरेशन असं डॉक्टर म्हणतात. पोळी गिळवत नाही, चहात भिजवूनही नाही. पेज आणि वरणाचं पाणी यावर चाललंय. आवाज पार बसलाय. नवऱ्याचा फोन आला की बाबा स्वतः टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणजे घोगरेपणा कळू नये. दोन शब्द बोलतात आणि फोन नातवाच्या हातात देतात.

त्यांची सक्त ताकीद आहे: कळवायचं नाही. बाबा गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर नोकरी गेली ती गेलीच, पुढची सगळी वर्षं एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून काढली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सलाम केला आणि दहा बाय बाराच्या खोलीत मुलाला अधिकारी केलं. आता त्याचं कर्नलचं बोर्ड, म्हणजे बढतीसाठीची निवड, जवळ आलंय. बाबा म्हणतात, "ऐन लढाईत घरासाठी सुट्टी मागितली असं त्याच्या कागदावर लागू देऊ नका. पलटण त्याच्या हातात आलेली बघायचीय मला." सासूबाई त्यांच्याच बाजूने. मी रोज फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणते आणि मला ते सहन होत नाही. फौजी घरातल्या लोकांनो, तुम्ही काय कराल?

भोईवाडा

माझा भाऊ हवालदार आहे, म्हणून बोलतोय. थोडं थांबा. तुमच्या मिस्टरांच्या शब्दावर शंभरेक पोरं उभी आहेत. डोक्यात घर घुसलं की रात्री पोस्ट तपासताना माणूस चुकतो. उपचार काही त्यांच्यावाचून अडलेले नाहीत. पहिली केमो होऊ द्या, तोवर कंपनी मागे आली तर मग सांगा. बाबांचा शब्दही राहील. टाटात सोबतीला कोणी हवं असेल तर सांगा, मी भोईवाड्यातच राहतो, सकाळी सहाला नंबरला उभा राहीन.

निवृत्त फौजी, ठाणे

ताई, तुमच्या घरात दोन गोष्टींची गल्लत झालीय. सुट्टी वेगळी आणि कम्पॅशनेट पोस्टिंग, म्हणजे घरच्या अडचणीसाठी मागितलेली बदली, वेगळी.

डिसेंबर 2004 पासून 13 वर्षांच्या सेवेवर लेफ्टनंट कर्नल होता येतं. त्यापुढे कर्नल निवडीनेच, आणि तिथे फाईल बघतात: कंपनी कमांडचे एसीआर (वार्षिक गोपनीय अहवाल) काय म्हणतात, कमांड पुरेसा काळ केली की नाही. कमांड अर्धवट सोडून मुंबईला पोस्टिंग मागितलं तर बोर्डावर परिणाम होऊ शकतो. दहा-पंधरा दिवसांच्या सुट्टीने होत नाही. एसीआर लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली किमान 90 दिवस प्रत्यक्ष काम झालेलं लागतं, एवढंच गणित. अधिकाऱ्याला वर्षाला 60 दिवस वार्षिक सुट्टी असते, ती हक्काची नसली तरी मागण्यात कमीपणा नाही. द्यायची की नाही ते सीओ (युनिटचा कमांडिंग ऑफिसर) ठरवतो. तो निर्णय त्याच्या वतीने तुम्ही किंवा बाबांनी घेऊ नये.

बोर्डाच्या तिन्ही संधींत माझी निवड झाली नाही. 26 वर्षांच्या सेवेनंतर टाइम स्केलवर, म्हणजे निवडीने नाही तर सेवेच्या वर्षांवर, कर्नल झालो. खांद्यावर चिन्हं तीच, पण पलटणीची कमांड कधी मिळाली नाही, आणि ते दुःख खरं असतं, बाबांची इच्छा मी समजू शकतो. पण 1999 मध्ये, कारगिलच्या वेळी, माझ्या कंपनीतल्या जवानांच्या घरून तारा यायच्या. लढाई भरात असताना काहींना सोडता आलं नाही. तार मात्र एकाचीही दडवली नाही. तुमचे मिस्टरही आपल्या जवानांच्या बाबतीत हेच करत असणार. मग स्वतःच्या वडिलांची बातमी त्यांच्यापासूनच का लपवायची?

मार्ग सांगतो: थेट त्यांना फोन करू नका. ॲडज्युटंटला (सीओच्या हाताखाली युनिटचं कामकाज बघणारा अधिकारी) किंवा युनिटच्या रिअरला (मागे तळावर राहिलेली तुकडी) कळवा. सीओ वेळ बघून समोर बसवून सांगेल. भोईवाडाकरांची काळजी रास्त आहे, ती अशाने मिटते.

गिरगाव १९९९

माझे यजमान कारगिलच्या वेळी द्रासला होते. जूनमध्ये सासूबाई गेल्या. थोरल्या दिरांनी ठरवलं, कळवायचं नाही. यजमानांच्या चुलतभावाचं पत्र 56 एपीओवर (फौजेच्या टपालाचा पत्ता) पोचलं आणि त्यातून यजमानांना कळलं. ऑगस्टमध्ये घरी आले तेव्हा पहिला प्रश्न होता, "अग्नी कोणी दिला?" पुतण्याने दिला होता. भांडले नाहीत, कोणाला दोष दिला नाही. पण तेव्हापासून मी फोनवर "ठीक आहे" म्हटलं की ते "खरं सांग" म्हणतात. आजही, मी भाजी आणायला बाहेर पडलेली असले तरी. कळवा हो.

कुलाबा कँटीन

मुद्द्याचं: सासरे डिपेंडंट (मुलावर अवलंबून) म्हणून फौजेत नोंदवलेले आहेत का? पालकांचं उत्पन्न मर्यादेत असेल तर लष्करी रुग्णालयात उपचार मिळतात. कुलाब्याचं अश्विनी हॉस्पिटल नौदलाचं असलं तरी तिन्ही दलांच्या लोकांना घेतं. टाटाची फाईल घेऊन तिथे भेटा.

लालबागची सून

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आधी बाबांना सांगितलं की मी कळवणार आहे. ते रागावले, जेवणाच्या वेळी बोलले नाहीत. मग ॲडज्युटंटना फोन केला. दुसऱ्या दिवशी सीओंच्या खोलीतून नवऱ्याचा फोन आला. रडला नाही, ओरडला नाही. डॉक्टर कोण, बाबा काय खातात, रात्री त्यांच्याजवळ कोण झोपतं, हे विचारलं. सुट्टी ऑपरेशनच्या वेळेला घ्यायची असं त्याचं आणि सीओंचं ठरलंय, त्याआधी कंपनी सोडून येणार नाही म्हणाला. पोस्टिंग मागणार नाही. ते मला पटलं. मग बाबांशी बराच वेळ बोलला, दार लावून. काय बोलले ते दोघंही सांगत नाहीत.

भोईवाडाकर, सोमवारी केमो आहे. खरंच याल का? आणि कुलाबाकर, अश्विनीत डिपेंडंट कार्डाची झेरॉक्स चालते की मूळ लागतं?

कुलाबा कँटीन

मूळ न्या, सोबत दोन झेरॉक्स.

भोईवाडा

सहाला गेटवर असतो.