इंग्लिश विरुद्ध फ्रेंच: काल्पनिक लढाई टेबलावर लावायचीय, कुठली घेऊ?

सोंगटीवाला
मंडळी, सल्ला हवाय. आम्ही चौघं महिन्यातून एकदा जमून टेबलावर लढाया खेळतो (दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडायची खोड गेली नाही, दुसरं काय). यावेळी शंभर वर्षांच्या युद्धातलं काहीतरी लावायचंय, पण क्रेसी दोनदा झालं, अ‍ॅजिनकोर्ट एकदा झालं (दोन्हीकडे इंग्लिश तिरंदाजांनी फ्रेंचांचा धुव्वा उडवला होता), आणि आता फ्रेंचवाल्याला आधीच माहीत असतं आपलं काय होणारे, त्यामुळे तो पुढे येतच नाही, बसून राहतो आणि चहा मागतो. म्हणून काल्पनिक लढाई हवी, पण अगदीच हवेतली नको. टेबल डायनिंगचं, नियम डीबीए (टेबलावरच्या लढायांची एक नियमावली, दोन्हीकडे बारा-बारा तुकड्या), 15 मिमीच्या सोंगट्या. सुचवा.

तिरकमठा
सगळंच मनाने कशाला रचताय, होता होता राहिलेली लढाई घ्या ना. ऑक्टोबर 1339, उत्तर फ्रान्स, ब्विराँफॉस. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड तिथल्या ला फ्लामँझरीजवळ सरदारांना घोड्यावरून उतरवून, बाजूंना तिरंदाज लावून वाट बघत उभा राहिला आणि फ्रान्सचा राजा सहावा फिलिप आलाच नाही, उलट त्याच्या माणसांनी खंदक खणले आणि झाडं पाडून आडवी टाकली. शेवटी एडवर्ड निघून गेला. हीच मांडणी हॅलिडन हिलला 1333 मध्ये स्कॉट लोकांना महागात पडली होती, पण फ्रेंचांनी ती अजून अंगावर घेतलेली नाही. म्हणजे फ्रेंचवाला खरंच हल्ला करेल अशी आशा आहे.

अवांतर: फ्र्वासार नावाचा त्या काळचा बखरकार सांगतो की फ्रेंच फौजेसमोर एक ससा उठून पळाला, त्यावर जो आरडाओरडा झाला तो ऐकून मागच्यांना वाटलं लढाई सुरू झाली, आणि घाईघाईत एनोच्या काउंटने चौदा जणांना नाइट करून टाकलं. लढाई नाहीच झाली, आणि त्या बिचाऱ्यांना पुढे सशाचे नाइट हेच नाव चिकटलं :)

पुठ्ठेबहाद्दर
माझं मत कॅलेजवळच्या सांगात या गावी 1347 मध्ये राहिलेल्या लढाईला. इंग्लिशांनी घातलेला कॅलेचा वेढा सोडवायला फिलिप खुद्द आला होता, शहर समोर दिसत होतं.

तिरकमठा
दिसत होतं हो, पण मध्ये सगळी दलदल. एक वाट किनाऱ्याच्या वाळूतून, तिथे इंग्लिश जहाजांवरून मारा होणार, दुसरी न्यूलेच्या पुलावरून, तिथे इंग्लिश सरदार लँकेस्टरचा हेन्री बसलेला. खेळायला घेतलंत तर फ्रेंचवाला पुन्हा चहाच मागणार. फिलिपही तसाच परत गेला आणि कॅले पडलं.

सोंगटीवाला
ससा आवडला!! पण ब्विराँफॉसलाही दोघं बसूनच राहिले की. एडवर्ड आपली जागा सोडणार नाही, फिलिप खंदक सोडणार नाही, मग फासे टाकायचे कशाला?

तिरकमठा
बरोबर पकडलंत, म्हणून दोघांच्याही बुडाखाली जाळ लावायचा. एडवर्ड फ्लॉरेन्सच्या बार्दी आणि पेरुझ्झी सावकारांच्या पैशावर लढत होता, ब्राबांतचा ड्यूक आणि जर्मन सरदार पैसे कबूल केले म्हणून सोबत होते. तेव्हा सहाव्या चालीपासून दर चालीला फासा टाका, 1 आला की एक मित्र तुकडी घरी. फ्रेंचांचं उलटं, राजा थांब म्हणतोय आणि सरदारांना दम नाही, तिथे 6 आला की सगळ्यात पुढची घोडदळाची तुकडी हुकूम नसताना सुटते, आणि ससा हे एक कार्ड ठेवा, ते निघालं की 5 वरही सुटते. अंधार पडेपर्यंत काहीच झालं नाही तर फिलिप जिंकला. दोघांनाही घाम फुटतो, मी खेळून बघितलंय.

इंग्लिशांच्या बारा तुकड्या करताना तिरंदाज चारच ठेवा, पाच पायउतार सरदार, तीन मित्रांचे घोडेस्वार. आठ तिरंदाज दिलेत की पुन्हा क्रेसीच.

खोडसाळ_बाण
आणि कृपा करून तिरंदाजांपुढे खुंट रोवू नका, सगळे रोवतात. ते अ‍ॅजिनकोर्टचं, 1415 चं. 1339 मध्ये नाहीत. फार तर आधी तयारीला दोन चाली दिल्या तर खड्डे खणू द्या. तयारीला वेळ मिळाला नाही की याच तिरंदाजांचं काय होतं ते 1429 च्या पाते इथल्या लढाईत बघा, मांडणी व्हायच्या आत फ्रेंच घोडदळ अंगावर आलं आणि खेळ खल्लास.

पुठ्ठेबहाद्दर
डीबीएला 15 मिमीत 60 सेंमीचा चौकोन पुरतो, डायनिंग टेबल उरेल. सोंगट्या बाहेरून मागवायला जाऊ नका, सोंगट्यांपेक्षा कस्टम जास्त लागतं. जाड पुठ्ठ्याचे 40 मिमी रुंद तुकडे कापून वर चित्रं चिकटवा, माझी अख्खी फ्रेंच फौज लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची आहे.

सोंगटीवाला
धन्यवाद सगळ्यांना, ब्विराँफॉस फायनल. खंदक ओलांडायला फ्रेंचांना एक चाल जास्त लागेल असं धरतोय, चालेल ना? आणि फ्रेंच कोण घेणार यावर ग्रुपवर आत्ताच भांडण सुरू झालंय, पहिल्यांदाच दोघांना हवेत.