ताई आधी आईला विचारायच्या

कुपोषित बाळांसाठी काम करणाऱ्या आमच्या दिवंगत ताईंच्या आठवणी लिहिताना इतरांनी त्यांच्या पाककृतींबद्दल बरंच सांगितलंय, त्यात थोडी भर घालते. मेळघाटात आम्ही बरोबर काम केलं. बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमीच्या खाली, म्हणजे दंड मोजायच्या पट्टीच्या लाल, तीव्र कुपोषण दाखवणाऱ्या भागात आला की बाकीच्यांची धावपळ सुरू व्हायची. ताईही बाळाला उपचारासाठी भरती करायला उशीर करायच्या नाहीत, पण तेवढ्यात आईजवळ टेकून विचारायच्या, "सकाळपासून तू काय खाल्लंस? शेतावर गेल्यावर याला कोण भरवतं गं?" बाळाचं पोट केवढंसं! म्हणून पेजेत चमचाभर तेल घालायला सांगायच्या. घास तेवढाच, ताकद जास्त. फार लवकर गेल्या हो. त्यांच्या घरभेटींच्या वह्या कुणाकडे असतील तर कृपया कळवा, नव्या अंगणवाडी सेविकांना त्या वाचायला द्यायच्या आहेत.