मदत हवी आहे: पीएचपी फॉर्ममधून भरलेलं मराठी डेटाबेसमध्ये ????? होतंय

पीएचपी नुकतंच शिकायला घेतलं आहे. पुस्तकांच्या नोंदीसाठी दोन पानं केली आहेत, एकावर फॉर्म आणि दुसऱ्यावर यादी. विंडोजवर झॅम्प (अपाची, डेटाबेस आणि पीएचपी एकत्र देणारा संच), पीएचपी ८.०, डेटाबेसशी जोडणी मायएसक्यूएलआय या पीएचपीच्या एक्स्टेन्शनने. इंग्रजी नावं व्यवस्थित जातात. 'मराठी' असं भरलं की टेबलमध्ये मोजून ५ प्रश्नचिन्हं, पीएचपी-मायॲडमिनमध्येही आणि पानावरही. एरर काहीच येत नाही. फाइल यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये सेव्ह आहे, मेटा चारसेटही दिलाय. डेटाबेसचं कोलेशन (वर्णसंच आणि अक्षरांच्या तुलनेचा नियम) यूटीएफ८एमबी४ करून पाहिलं, फरक नाही. काय राहिलं असेल?

प्रतिसाद १

५ प्रश्नचिन्हं हा चांगला धागा आहे. म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी युनिकोडच्या हिशेबात ५ अक्षरचिन्हं होतात आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे एकूण १५. सर्व्हरने १५ बाइट वाचून त्यांची ५ चिन्हं बरोबर ओळखली, पण ठेवायच्या जागी देवनागरीला स्थानच नव्हतं, म्हणून प्रत्येकाऐवजी एक प्रश्नचिन्ह टाकलं. तेव्हा फॉर्म आणि मेटा टॅग निर्दोष आहेत, संशय कॉलमवर आहे.

डेटाबेसचं कोलेशन बदललं तर ते फक्त पुढे तयार होणाऱ्या टेबलांना लागू होतं. आधीचं टेबल आणि त्यातले कॉलम जसेच्या तसे राहतात. इथे जवळजवळ सगळे अडकतात.

पण दुरुस्तीआधी बाइट बघा. पीएचपी-मायॲडमिनच्या एसक्यूएल टॅबमध्ये 'शो क्रिएट टेबल' चालवा, मग नावाच्या कॉलमवर हेक्स() (साठलेले बाइट सोळा-अंकी संख्येत दाखवणारं फंक्शन) लावून सिलेक्ट करा. 'म' या एका अक्षरासाठी चार शक्यता:

- ३एफ: खरोखर प्रश्नचिन्हच साठलंय. मूळ मजकूर गेला.
- ई०ए४एई आणि कॉलम यूटीएफ८एमबी४: डेटा शाबूत, फक्त वाचताना जोडणी चुकतेय.
- सी३ए०सी२ए४सी२एई: दोनदा एन्कोड झालंय. हे परत मिळवता येतं.
- ई०ए४एई, पण कॉलम लॅटिन१ (पाश्चात्त्य युरोपीय अक्षरांचा, देवनागरी नसलेला वर्णसंच): सगळ्यात फसवा प्रकार. बाइट बरोबर, लेबल चुकीचं. इथे थेट 'कन्व्हर्ट टू' चालवलंत तर तिसऱ्या प्रकारात जाल. आधी कॉलम व्हारबायनरी करा, मग यूटीएफ८एमबी४चा व्हारचार.

धागाकर्ता

सगळीकडे ३एफ आहे आणि कॉलम लॅटिन१. एरर का आली नाही?

प्रतिसाद १

एसक्यूएल_मोडमध्ये स्ट्रिक्ट_ट्रान्स_टेबल्स नसेल तर सर्व्हर नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातो. माय.आयएनआयमध्ये ते जोडा आणि मायएसक्यूएल पुन्हा सुरू करा. मग असा मजकूर 'इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू' म्हणून जागीच अडेल. शिकताना तर हे चालू हवंच.

आता टेबलची निर्यात करून ठेवा आणि 'ऑल्टर टेबल पुस्तके कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४' चालवा. नुसतं यूटीएफ८ नको: तिथे ३ बाइटांची मर्यादा आहे, देवनागरी मावेल पण ४ बाइटांची इमोजी आली की अडेल. पीएचपीमध्ये जोडणी झाल्याबरोबर, पहिल्या क्वेरीच्या आधी, सेट_चारसेट('यूटीएफ८एमबी४') लिहा. 'सेट नेम्स' क्वेरीनेही अक्षरं दिसतील, पण एस्केप करणाऱ्या (अवतरणचिन्हं निष्प्रभ करणाऱ्या) फंक्शनला बदललेला वर्णसंच कळत नाही, त्यामुळे ती सवय लावू नका. जुन्या नोंदी मात्र हातानेच पुन्हा भराव्या लागतील.

धागाकर्ता

नव्या नोंदी नीट जाताहेत, आभार! आता यादीत काही पुस्तकांची नावं रिकामी येतात. टेबलमध्ये ती पूर्ण आहेत. यादीत सबस्ट्र (मजकुराचा तुकडा काढणारं फंक्शन) वापरून पहिली २० अक्षरं काढतो आणि एचटीएमएलस्पेशलचार्समधून (एचटीएमएलची खास चिन्हं संकेतात बदलणारं फंक्शन) छापतो.

प्रतिसाद २

सबस्ट्र अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. २० बाइट म्हणजे देवनागरीची ६ चिन्हं आणि सातव्याचे २ बाइट. हा तुटका तुकडा एचटीएमएलस्पेशलचार्सकडे गेला की पीएचपी ८.० पर्यंत ते पूर्ण मजकूर टाकून रिकामी स्ट्रिंग देतं. ८.१ पासून मूळ सेटिंग बदललं, तिथे चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसेल. स्पेस १ बाइटची असते, म्हणून पहिल्या २० बाइटांत नेमक्या दोन स्पेस आल्या तर उरलेल्या १८ मध्ये ६ चिन्हं बरोबर बसतात आणि नाव वाचतं. काही रिकामी, काही नीट, ते यामुळे.

एमबी_सबस्ट्र वापरलंत तर बाइट तुटणार नाहीत, पण काना-मात्रा सुटेल: 'मराठी'ची ४ चिन्हं घेतली की 'मराठ' उरतं. मराठीसाठी ग्राफीम_सबस्ट्र बरं, ते 'ठी' एकत्र धरतं. त्यासाठी इंटल हे पीएचपीचं एक्स्टेन्शन लागतं: पीएचपी.आयएनआयमध्ये 'एक्स्टेन्शन=इंटल' या ओळीपुढचा अर्धविराम काढून अपाची पुन्हा सुरू करा. इंटलच्या जुन्या आवृत्त्या 'क्ष'सारखं जोडाक्षर मधून तोडतात. हे सगळं नको असेल तर पूर्ण नाव छापा आणि लांबी सीएसएसच्या टेक्स्ट-ओव्हरफ्लो: एलिप्सिसवर सोडा. यादीसाठी मी तेच सुचवेन.

कॉलमच्या व्हारचार(१००) मधले १०० मात्र बाइट नाहीत, चिन्हं आहेत. ते वाढवायची गरज नाही.

प्रतिसाद ३

फॉर्ममधून आलेलं नाव इन्सर्टच्या ओळीत थेट जोडत असाल तर तेही आत्ताच बदला. नावात एक अवतरणचिन्ह आलं तरी क्वेरी मोडते, आणि मुद्दाम लिहिलेल्या मजकुराने क्वेरीचा अर्थच बदलता येतो. प्रिपेअरमध्ये (क्वेरीचा साचा आधी देणारं फंक्शन) मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा, बाइंड_परॅममध्ये स्ट्रिंगसाठी 'एस' आणि पूर्णांकासाठी 'आय' द्या, मग एक्झिक्यूट. एचटीएमएलस्पेशलचार्स छापतानाच वापरा, साठवताना नको, नाहीतर टेबलमध्ये अँडचिन्हाऐवजी त्याचा एचटीएमएल संकेत जाऊन बसतो आणि शोध लागत नाही.