अपडेट, कॅलिब्रेशन आणि कापसाची ट्रॉली

समोरचा अडथळा ओळखून आपोआप ब्रेक लावणाऱ्या चालक-सहाय्य प्रणालीचे सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर गाडी विनाकारण ब्रेक लावू लागली, अशी एका चालकाची तक्रार आहे. ती माझ्या अनुभवाशी जुळते; मात्र सगळा दोष नव्या सॉफ्टवेअरचाच आहे, हे त्याचे मत मला घाईचे वाटते.

माझी इलेक्ट्रिक गाडी जळगाव-धुळे मार्गावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, जवळजवळ रोज धावते. आडव्या येणाऱ्या दुचाकीचा इशारा आता पूर्वीपेक्षा लवकर मिळतो, हे मान्य करायला हवे. परंतु दोन्ही बाजूंनी फुगलेली कापसाची ट्रॉली शेजारच्या लेनमधून चालली असली, तरी गाडी तिला आपल्याच वाटेतला अडथळा समजून वेग कमी करते, आणि मागे केळीचा भरलेला ट्रक असताना हा प्रसंग मुळीच सुखद नसतो.

रडार अंतर आणि वेग चांगले मोजते, पण समोरची वस्तू नेमकी काय आहे हे ओळखण्याची भिस्त मुख्यतः काचेमागच्या कॅमेऱ्यावर असते. माझ्या गाडीची पुढची काच अपडेटच्या आधी बदलली होती आणि कार्यशाळेने कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा पुन्हा अचूक जुळवण्याचे काम, केलेच नव्हते (बिलात मात्र ते होते!). ते करून घेतल्यावर मोकळ्या रस्त्यावरचे अकारण ब्रेक थांबले. ट्रॉलीचा प्रश्न तसाच राहिला. म्हणून काच बदलली होती का, हे आधी तपासावे.

माझी खरी नाराजी वेगळी आहे: मी बंद केलेले लेन-सहाय्य, म्हणजे गाडीला तिच्या लेनमध्ये ठेवणारी सोय, अपडेटने न सांगता पुन्हा सुरू केले, आणि सोबतच्या टिपणात ‘कार्यक्षमतेत सुधारणा’ एवढेच लिहिले होते.