अनुभव धागा : एकाच घरातील वाचक आणि त्यांच्या वेगळ्या आवडी

कपाटातील पुस्तके खाली काढताना आमच्या घरची 'मृत्युंजय'ची जीर्ण प्रत हाती आली आणि तिच्या समासातील जुना वाद पुन्हा वाचता आला. कर्णाच्या दुःखाच्या जागा वडिलांनी निळ्या शाईने अधोरेखित केल्या आहेत, आणि त्याच ओळींसमोर आत्याने पेन्सिलीने, बारीक अक्षरात, 'व्यासांनी असे कुठे म्हटले आहे?' असे विचारून ठेवले आहे. आत्या 'युगान्त'च्या पक्षातली. शिवाजी सावंत यांची कादंबरी आणि इरावती कर्वे यांचे लेख ही दोन्ही पुस्तके १९६७ सालची आणि दोन्हींचा विषय महाभारत. पण सावंत कर्ण, कुंती, दुर्योधन यांना स्वतःच्या तोंडून बोलते करून वाचकाला त्यांच्या बाजूला बसवतात, तर इरावतीबाई संहिता समोर ठेवून प्रत्येकाची झडती घेतात आणि कर्णालाही सवलत देत नाहीत. वडिलांना ही झडती कोरडी वाटे, आत्याला कादंबरी पाल्हाळिक वाटे. मात्र दोघांनीही एकमेकांचे पुस्तक पूर्ण वाचल्यानंतरच भांडण केले, याचे मला आज विशेष वाटते. आपापल्या घरचे असे अनुभव असतील तर जरूर लिहावेत.

पानखूण :
आमच्याकडे हा सामना सासरे विरुद्ध मी असा आहे. ते खांडेकरांचे निष्ठावंत वाचक. 'ययाति'तील कितीतरी वाक्ये त्यांना पाठ आहेत. मी भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' त्यांच्या हाती दिली, तेव्हा काही दिवसांनी त्यांनी चष्मा पुसत एवढेच विचारले, "हा पांडुरंग शेवटी करतो तरी काय?" काहीच न करण्याची ती गोष्ट आहे, हे माझे उत्तर त्यांना उद्धटपणाचे वाटले असावे. मात्र धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूची पाने त्यांनी दोनदा वाचली, असे सासूबाईंकडून नंतर कळले. मराठीतले पहिले ज्ञानपीठ १९७४ सालचे, ते खांडेकरांना मिळाले आणि २०१४ सालचे नेमाडे यांना, त्यामुळे आमचा सामना तूर्त बरोबरीत सुटलेला आहे.

रात्रपाळी :
घाईत लिहीत आहे. माझी आई संस्कृतची शिक्षिका होती आणि बाबुराव अर्णाळकरांच्या रहस्यकथा उघडपणे, सगळ्यांसमोर वाचत असे. कोणी नाक मुरडले तर ती म्हणे की, यात शेवटी निदान खुनी तरी सापडतो. अर्णाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे तिला वाचनाची उणीव कधी भासली नाही.

पानखूण :
रात्रपाळी, आपल्या मातोश्रींचे वाक्य मी सासऱ्यांना ऐकवले. ते मनापासून हसले आणि लगेच म्हणाले की, 'कोसला'त तेही सापडत नाही.

उंबरठा :
आमच्या घरात पुस्तक एकच होते, भेद पडला तो वाचण्याच्या रीतीत. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. माझ्या आजीने, आईने आणि मी ते पुस्तक वेगवेगळ्या वयात वाचले. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे वर्णन वाचून मी खदखदून हसत असे, आणि आजी त्याच पानावर गंभीर होई, कारण तिने तसे घर पाहिलेले होते. आई दोघींच्या मध्ये. तिला टिळकांच्या धर्मांतरानंतरची पाने मोलाची वाटत, कारण नवऱ्यावरचा राग आणि प्रेम लक्ष्मीबाई तिथे एकाच दमात सांगतात. या तीन वाचनांपैकी कोणते खरे, असे आम्ही एकमेकींना कधी विचारले नाही. एक तक्रार मात्र आहे : आजीला आवडत्या ठिकाणी पान दुमडण्याची सवय होती आणि आता ते कोपरे हात लावताच गळतात.

चाळिशी :
विषयाला किंचित फाटा फोडतो. डोळ्यांच्या त्रासामुळे मी हल्ली पुस्तके ऐकतो, आणि माझा मित्र त्याला वाचन मानायला तयार नाही. बखरी, कीर्तने, पोथ्या यांपैकी निदान शेवटची दोन तरी पिढ्यानपिढ्या कानांनीच वाचली गेली, असा माझा युक्तिवाद आहे. विश्राम बेडेकर यांची कादंबरी 'रणांगण' मी अशीच ऐकून घेतली. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून हिंदुस्थानकडे येणारे ते जहाज, त्यावरची हेर्टा आणि चक्रधर यांची गोष्ट मित्राने स्वतःच्या डोळ्यांनी वाचली होती, तरी चक्रधरवर चिडलो आम्ही दोघेही सारखेच.

शाईपेन :
धागाकर्त्यांना एक प्रश्न आहे. माझी पुतणी सोळा वर्षांची असून तिला महाभारतात नुकताच रस वाटू लागला आहे. आपल्या कपाटातील त्या दोन पुस्तकांपैकी आधी कोणते द्यावे?

धागाकर्ता :
आधी 'मृत्युंजय' द्यावे. कर्णावर जीव जडल्यावरच इरावतीबाईंशी भांडण्यात अर्थ आहे. उलट क्रमाने वाचले तर कादंबरीतील प्रत्येक अश्रूला ती पुरावा मागत बसेल. सोबत पेन्सिल जरूर द्यावी, आणि तिने समासात काय लिहिले ते इथे कळवावे.