'एकहाती कारभार' : कौतुक की टोमणा?

झावळी :
आमच्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका निघते आहे. माजी अध्यक्षांवरच्या लेखात मी लिहिलं, 'त्यांनी वीसेक वर्षं संस्थेचा कारभार एकहाती चालवला.' मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी त्याखाली रेघ मारून समासात लिहिलंय, 'टोमणा वाटतो.' चिटणीस म्हणतात, याहून मोठं कौतुक मराठीत नाही. तर एकहाती, एकतंत्री, एककल्ली, एकछत्री आणि सरळसरळ हुकूमशाही यांत फरक कुठे करायचा? चर्चा शब्दांपुरती ठेवावी ही विनंती. (ठेवणार नाही, हे ठाऊक आहे.)

तिरफळ :
काकांचं बरोबर आहे, चिटणिसांचंही. 'एकहाती' कामाला लागला की कौतुक असतं. नवरा गेल्यावर तिने चार पोरं एकहाती वाढवली, अमक्याने सामना एकहाती जिंकून दिला. तिथे दुसरे हात नव्हते किंवा चालले नाहीत. दुसरे हात हजर असताना त्यांना काही करू न देता चालवलेला तो एकतंत्री कारभार. एककल्ली हा स्वभाव झाला, त्याला सत्ता लागत नाही. आमच्या घरात दोघे आहेत. एकछत्री हे राजांना शोभतं. 'एकाधिकारशाही' वर्तमानपत्री शब्द आहे, कुणी बोलत नाही. नुसतं 'एकाधिकार' म्हटलं तर जुन्या लोकांना 1972 पासूनची कापसाची सरकारी खरेदीच आठवते.
तुमच्या वाचनालयात त्या काळात कार्यकारिणीच्या सभा होत होत्या का? त्यावर शब्द ठरेल.

झावळी :
सभा होत. इतिवृत्त अध्यक्षच लिहीत. बहुतेक सभेच्या आदल्या दिवशी.

तिरफळ :
मग 'एकहाती' ठेवा. हस्ताक्षराच्या अर्थाने तरी खरं ठरेल.

दर्यावर्दी :
एकतंत्री म्हणजे वाईटच, असां सगळे धरून का चालतत, तां माका कळणा नाय. आमच्या बोटीर तांडेल एकच. जाळी खंय टाकूची, कधी ओढूची, वारो फिरलो तर बंदरात कधी शिरूचां, तां तो सांगतलो. खलाशांचां मतदान घेत बसलास तर बोट खडकार.
आता प्रमाणभाषेत लिहितो, नाहीतर घाटावरचे विचारतील. देशाला सुद्धा असाच एक तांडेल लागतो. दहा तोंडांनी बोललं की काम होत नाही. आमच्या जेट्टीचा ठराव किती ग्रामसभांतून फिरला ते मला विचारा. अशा माणसाला 'खंबीर' म्हणावं, 'खमक्या' म्हणावं. 'हुकूमशहा' हा हरलेल्यांचा शब्द आहे.

खारेपाट :
दर्यावर्दी, तांडेलाचं उदाहरण मला आवडलं, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. मी अलिबागकडची. आमच्या घरात बोट होती.
बोट बुडाली तर तांडेलही बुडतो. एक जूनला बंदी लागते, बोटी वर ओढल्या जातात आणि जुलैअखेरपर्यंत जेट्टीवर एकच विषय असतो : यंदा कोण कुणाच्या बोटीवर. ज्याने मागच्या मोसमात मासळी दिली नाही किंवा पोरांना शिव्या घातल्या, त्याच्याकडे खलाशी येत नाहीत. त्याचा हुकूम पाण्यावर पक्का, किनाऱ्यावर त्याला चहासुद्धा कुणी फुकट पाजत नाही. ही हुकूमशाही नाही, मोसमापुरती दिलेली मुखत्यारी आहे. 'मुखत्यार' हा शब्द यादीत घाला. मुखत्याराला अधिकार दिलेला असतो, म्हणून तो काढूनही घेता येतो.

ज्याचा अधिकार काढून घेता येत नसे, असा माणूस कोकणाने पिढ्यान् पिढ्या पाहिला आहे. तो खोत. मुळात तो सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा. पण साऱ्याची जबाबदारी त्याची म्हटल्यावर जमीन, कुळं, वेठ, सगळं हळूहळू त्याच्या मुठीत गेलं. सरकारलाही ते सोयीचं. एका माणसाला धरलं की गाव हातात, प्रत्येक कुळाचं खातं ठेवायला नको. दर्यावर्दी म्हणतात तो 'एक तांडेल' तो हाच, फक्त मोसम न संपणारा.

आमच्याकडे म्हातारी माणसं अजून सांगतात, 'आमचा खोत चांगला होता हो.' खोटं बोलत नसतील. दुष्काळात धान्य देणारे, लग्नाला पैसे देणारे खोत होतेच. पण त्या बोलण्यातले शब्द ऐका : खोताची मर्जी, मर्जीतलं कूळ, खप्पा मर्जी. पिकाचा वाटा किती द्यायचा, बांधावरच्या आंब्याला हात लावायचा की नाही, पोराने शाळेत जायचं की खोताच्या गोठ्यात, सगळं मर्जीवर. चांगल्या खोताच्या पोटी नालायक पोर निपजलं, तर कुळाने करायचं काय? त्याचं पोर चांगलं निघेल म्हणून वाट पाहायची? एवढाच उपाय होता.
दुसरा उपाय आमच्या अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी काढला. 1933 मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली त्यांनी जमीन कसायचीच नाही असं ठरवलं, आणि संप 1939 पर्यंत चालला. सहा पावसाळे शेतं पडीक. लाकूडफाटा विकून, खाडीतलं मिळेल ते खाऊन माणसं जगली. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती मोडण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. प्रत्यक्ष कायदा यायला 1949 उजाडलं. 'कडक हाताशिवाय काम होत नाही' हे वाक्य मी ऐकते तेव्हा मला एवढंच विचारावंसं वाटतं : हात कडक आहे, मान्य. तो सोडवायला किती पावसाळे लागतील?

दर्यावर्दी :
सहा वर्षं म्हणजे जास्तच झाली. पण जेट्टीचा मुद्दा तसाच राहिला.

निवृत्त कारकून :
जेट्टी सरकारदरबारी का अडते ते मी नोकरीत पाहिलं आहे, ग्रामसभेमुळे क्वचित. पण तो विषय वेगळा, आणि माझं निवृत्तिवेतन अजून चालू आहे.

शब्दाबद्दल थोडं. इंग्रजी 'डिक्टेटर'ला आपण 'हुकूमशहा' हा प्रतिशब्द वापरतो, पण दोघांचे कूळ निराळे. रोमन लोकांत डिक्टेटर हे कायदेशीर पद होतं. शत्रू वेशीवर आला की एका माणसाला सर्वाधिकार द्यायचे, फार तर सहा महिने. सिनसिनेटसची गोष्ट तर प्रसिद्धच आहे : नांगर सोडून आला, लढाई जिंकली, सोळाव्या दिवशी पद सोडून पुन्हा नांगराला गेला. दंतकथेचा भाग त्यात असेल, पण रोमन लोकांना ती सांगावीशी वाटत होती. पुढे सुल्ला या रोमन सेनापतीने मुदतीची अट उडवली आणि ज्युलियस सीझर इ. स. पू. 44 मध्ये आजन्म डिक्टेटर झाला. त्याच वर्षी खूनही झाला. आजन्म नेमलेल्याला खाली उतरवायची दुसरी वाट उरली नव्हती.
आपल्या शब्दातला 'शहा' पहिल्या दिवसापासून आजन्मच आहे. त्यामुळे मराठीत 'सहा महिन्यांचा हुकूमशहा' म्हटलं की विनोद होतो.

तिरफळ :
बाकी 'शाही' आपण कशालाही लावतो. आदिलशाही, निजामशाही संपल्या, पण प्रत्यय उरला : नोकरशाही, घराणेशाही, झुंडशाही, बेबंदशाही. लोकशाहीला सुद्धा तोच. माझ्या मते मराठी माणूस हुकूमशाहीपेक्षा बेबंदशाहीला जास्त घाबरतो, म्हणून त्याला 'कडक' शब्दाचं प्रेम. कडक चहा, कडक इस्त्री, कडक साहेब.

पाटीलवाडा :
आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या. आमचे वडील रेल्वेत होते, त्यांनी पाहिलंय. 'अनुशासन पर्व' हा शब्दही तेव्हाचाच, विनोबांचा. शिस्तीला हुकूमशाही म्हणायचं असेल तर म्हणा.

खारेपाट :
गाड्या धावत असतील वेळेवर. पण आमच्या कोकणात तेव्हा गाडीच नव्हती. आणि ती मागणारे राजापूरचे खासदार मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते.

थिबाचा शेजारी :
मी रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या जवळ राहतो, म्हणून जरा आडवाटेची गोष्ट सांगतो. पर्यटक विचारतात, ब्रह्मदेशाचा राजा इथे काय करत होता? 1878 मध्ये थिबा गादीवर आला. त्याच्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच राजघराण्यातल्या डझनावारी भाऊबंदांची कत्तल झाली, पुढे कुणी हक्क सांगू नये म्हणून. त्यात त्याच्यापेक्षा त्याच्या सासूचा आणि दरबाऱ्यांचा हात मोठा होता असं मानतात. म्हणजे शब्दाने सर्वसत्ताधीश, कारभार दुसऱ्याच्या हाती. 1885 मध्ये इंग्रज इरावतीतून वर गेले आणि लढाई दोनेक आठवड्यांत आटोपली. सगळं राज्य एका वाड्यात साठवलेलं, वाडा पडला की राज्य पडलं. 1886 मध्ये त्याला रत्नागिरीला आणलं. आज दिसतो तो राजवाडा 1910 चा, आणि 1916 मध्ये राजा इथेच गेला.

त्याच देशाचा पुढचा 'खंबीर' माणूस म्हणजे जनरल ने विन. 1962 मध्ये सत्ता घेतली, 1988 पर्यंत सोडली नाही. 1987 मध्ये त्याने 25, 35 आणि 75 क्याटच्या नोटा एका दिवसात रद्द केल्या, बदल्यात काही नाही. लोकांची घरातली शिल्लक कागद झाली. मग नव्या नोटा काढल्या, 45 आणि 90 च्या. कारण त्याला नऊ हा आकडा शुभ वाटे. बाजारात 45 ची नोट देऊन 17 चा माल घेतल्यावर उरलेले मोजून बघा. भाजीवालीलासुद्धा कळलं असतं की हे चालायचं नाही, पण तिला विचारणारं कुणी नव्हतं आणि ज्यांना कळत होतं ते बोलत नव्हते. एके काळी जगाला सर्वांत जास्त तांदूळ विकणारा हा देश त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या अतिमागास देशांच्या यादीत गेला.
'विक्षिप्त' शब्द अशा माणसाला लावतात. माझ्या मते तो पुरत नाही. विक्षिप्त माणसं प्रत्येक गावात असतात. नोटा छापायचं यंत्र त्यांच्या हातात नसतं.

पाटीलवाडा :
सिंगापूरचं कुणी बोलणार नाही. ली कुआन यू 1959 ते 1990 पंतप्रधान होते. बघा आज.

निवृत्त कारकून :
सिंगापूर मान्य. वृत्तपत्रं दाबली, विरोधकांना तुरुंगात टाकलं आणि देश श्रीमंतही केला, दोन्ही खरं. पण तिथे निवडणुका होत राहिल्या, न्यायालयं करार पाळायला लावत, आणि लाच खाणाऱ्या मंत्र्यालाही सोडत नसत. शिवाय शहराएवढा देश. गल्लीत पाणी तुंबलं तर पंतप्रधानाला दिसतं. त्याच काळात 'एक खंबीर माणूस' या नावाखाली किती देश बुडाले ते मोजा. एक सिंगापूर दाखवून बाकीचे झाकणं म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाचा फोटो लावून तिकिटं विकणं.

चीनचं पाहा. 1958 मध्ये माओने 'मोठी झेप' काढली. वरून धान्याचे आकडे मागितले, खालून ते फुगवून गेले, कारण कमी सांगणारा गद्दार ठरे. फुगवलेल्या आकड्यांवर सरकारने धान्य उचललं, निर्यातही केलं, आणि खेड्यांत माणसं मेली. अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. 1959 मध्ये संरक्षणमंत्री पेंग दहुआई यांनी माओला पत्र लिहून हे सांगितलं. त्यांचं पद गेलं. त्यानंतर कोण सांगणार? अमर्त्य सेन म्हणतात की वृत्तपत्रं आणि निवडणुका असलेल्या देशात मोठा दुष्काळबळीचा प्रसंग येत नाही, त्याचं कारण हेच. नेता दयाळू असण्याशी त्याचा संबंध नाही. खालची बातमी वर पोचते की नाही, एवढाच प्रश्न.
चुकीचे आकडे वर पाठवणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. मार्चअखेर आमच्याही कार्यालयात असे.

सोलकढी :
या प्रकाराला कोकणी शब्द तयार आहे : 'व्हय महाराजा'. जत्रेत गाऱ्हाणं घालणारा एकेक ओळ म्हणतो आणि बाकी सगळे एका सुरात 'व्हय महाराजा!' आमच्या पंचायतीत एका सरपंचांच्या काळात ठराव असेच पास होत, म्हणून पोरं सभेला 'गाऱ्हाणा' म्हणत.

दर्यावर्दी :
गाऱ्हाण्याक नावां ठेवू नकात. थंय 'व्हय महाराजा' देवाक म्हणतत, गाऱ्हाणां घालणाऱ्याक न्हय. तो आपलां कायतरी घुसडूक लागलो तर लोक गप रवतत. मी बघितलंय.

सोलकढी :
हां, हे मान्य. आणि गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवळाच्या रीतीरिवाजात, सगळे मान एकाकडे नसतात हेही खरं. पालखी उचलायचा मान एकाचा, तरंग (देवाची सजवलेली काठी) धरायचा दुसऱ्याचा, नारळ वाढवायचा तिसऱ्याचा. एक रुसला तर शिमगा अडतो. फक्त तिला लोकशाही म्हणू नका. मान जातीवर वाटलेले आहेत, बायकांना तर नाहीतच.

पाटीलवाडा :
शेवटचं विचारतो. कोकण रेल्वे कुणी केली? श्रीधरन यांनी. एक माणूस, पूर्ण अधिकार, 1990 ला महामंडळ, 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग सुरू. डोंगर, दऱ्या, साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा. समित्यांनी केली असती तर अजून मोजणी चालू असती. याला तुम्ही कोणता शब्द वापरणार?

खारेपाट :
मुखत्यारी. श्रीधरन यांना अधिकार दिले ते महामंडळाने, त्यात केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ भागीदार. काम ठरलेलं, मार्ग ठरलेला, हिशेब तपासणारे वेगळे. गोव्यात मार्गावरून आंदोलन पेटलं तेव्हा काम थांबलं आणि चौकशी बसली. हुकूमशहाचं काम असं थांबत नाही. रोहा ते ठोकूर रूळ टाकून झाले आणि ते पदावरून गेले. त्यांची कर्तबगारी मी कमी करत नाही, पानवलच्या पुलावरून जाताना मी अजून खिडकीला नाक लावते.
आणि पाटीलवाडा, 1990 मध्ये ते महामंडळ निघालं तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते, अर्थमंत्री मधु दंडवते. तुमच्या वडिलांच्या गाड्या वेळेवर धावत होत्या तेव्हा दोघांनीही तुरुंग पाहिला होता.

पाटीलवाडा :
फर्नांडिस अर्थातच ठाऊक होते. दंडवते त्या वेळी अर्थखात्यात होते, हे लक्षात नव्हतं. वडिलांना विचारतो.

तिरफळ :
झावळी, इतिवृत्तं जपून ठेवली आहेत का? आदल्या दिवशी लिहिलेल्या सभेत कोण काय 'बोललं' ते वाचायला मजा येईल. दोनचार उतारे इथे टाका, 'सर्वानुमते' या शब्दावर वेगळा धागा काढू.